मोहोरबंद ई-टपाल आणि विषाणूंची तपासणी

कार्यालयात येणारे टपाल आवक नोंदवहीत नोंदविल्याशिवाय आणि उघडून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, ही शासकीय कामकाजाची जुनी शिस्त आहे. आज या टपालाचा मोठा भाग ई-मेलने येतो. जिल्हा परिषदेचे परिपत्रक, शाळेच्या पटसंख्येचे विवरणपत्र, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, ठेकेदाराचे देयक अशी नाना प्रकारची कागदपत्रे आता संगणकाच्या पडद्यावरच प्रथम दिसतात. या टपालाकडून दोन अपेक्षा असतात. ते वाटेत कोणा त्रयस्थाने वाचू नये, ही पहिली. आणि त्यातून संगणकाला घातक असा विषाणू आत येऊ नये, ही दुसरी. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. परंतु त्या एकमेकींच्या आड येतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जे टपाल वाटेत कोणालाच वाचता येत नाही, ते तपासणीसाठी नेमलेल्या पहारेकऱ्यालाही वाचता येत नाही.

या पेचातून मार्ग काढण्याच्या निरनिराळ्या पद्धती प्रचारात आहेत. प्रत्येकीचे गुण वेगळे आणि धोकेही वेगळे. कोणता मेल प्रोग्रॅम वापरला जातो, यावरही बरेच काही अवलंबून असते. संगणकावर अँटिव्हायरस बसविला म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, असे मानून चालणाऱ्या कार्यालयांनी ही कार्यपद्धती समजून घेणे अगत्याचे आहे.

विषाणूंचा टपालमार्ग

ई-मेल हा विषाणूंच्या प्रसाराचा जुना आणि आजही वापरात असलेला मार्ग आहे. मार्च १९९९ मध्ये पसरलेला 'मेलिसा' हा विषाणू वर्ड प्रोग्रॅमच्या एका दस्तऐवजात दडलेला होता. तो दस्तऐवज उघडताच आउटलुकच्या पत्ता-सूचीतील पहिल्या ५० जणांना त्याची प्रत आपोआप रवाना होत असे. पुढच्याच वर्षी, मे २००० मध्ये, प्रेमपत्राचे सोंग घेऊन आलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूने काही तासांतच जगभर धुमाकूळ घातला. २०१४ मध्ये प्रथम आढळलेल्या 'इमोटेट'ने तर याहून चलाख पद्धत अवलंबिली. पूर्वी झालेल्या खऱ्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून तो येई. पुढे त्याने सहपत्राच्या संकुचित फाईलला पासवर्डचे कुलूप लावून तो पासवर्ड पत्राच्या मजकुरातच देण्याचा मार्गही वापरला. अनेक देशांच्या पोलीस यंत्रणांनी संयुक्त कारवाई करून जानेवारी २०२१ मध्ये त्याचे जाळे उद्ध्वस्त केले. तथापि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा दिसू लागला.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. अपाय पत्राच्या मजकुरापेक्षा सहपत्रातून, म्हणजे अटॅचमेंटमधून, किंवा पत्रातील दुव्यातून होतो. म्हणूनच तपासणी करणाऱ्यास सहपत्र उघडून पाहता येणे आवश्यक ठरते.

टपालाची थैली आणि आतला लिफाफा

ई-मेल कूटबद्ध करण्याच्या दोन भिन्न पद्धती आहेत. त्यांतील फरक टपाल खात्याच्या उदाहरणावरून चांगला कळतो. एका टपाल कार्यालयातून दुसऱ्याकडे जाणारी थैली मोहोरबंद असते. वाटेत तिला कोणी हात लावू शकत नाही. परंतु मुक्कामावर पोहोचताच ती उघडली जाते आणि आतील पत्रे वेगळी केली जातात. याउलट मोहोरबंद निविदेचा लिफाफा थैली उघडल्यावरही बंदच राहतो. तो ज्याच्या नावे आहे, त्यानेच उघडावयाचा असतो.

संगणक आणि मेल सर्व्हर यांच्यामधील जोडणी कूटबद्ध करणे ही झाली थैली. नेटस्केप या कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यास या कामासाठी एसएसएल ही पद्धत आणली. १९९९ मध्ये तिची जागा टीएलएस या प्रमाणित पद्धतीने घेतली, आणि २०१८ मध्ये तिची १.३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पूर्वी सर्व्हरकडून पत्रे आणण्यासाठी पीओपी-३ पद्धतीत ११० क्रमांकाचे आणि आयमॅप पद्धतीत १४३ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाई. या वाटेने पत्रे आणि कित्येकदा पासवर्डही उघड्या अक्षरांत जात. कूटबद्ध जोडणीसाठी अनुक्रमे ९९५ आणि ९९३ हे क्रमांक वापरले जातात, तर पत्रे रवाना करण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे क्रमांक योजले जातात. इंटरनेटची तांत्रिक प्रमाणके ठरविणाऱ्या मंडळाने २०१८ मध्ये उघड्या जोडणीचा वापर थांबवून कूटबद्ध जोडणीच वापरावी, अशी स्पष्ट शिफारस केली. मोठ्या ई-मेल सेवा आता हाच मार्ग अवलंबितात.

पत्रच कूटबद्ध करून पाठविणे हा झाला आतला लिफाफा. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये तयार केलेली पीजीपी आणि प्रमाणपत्रांवर आधारलेली एस-माइम या त्याच्या दोन प्रमुख पद्धती होत. त्यांत पत्र केवळ ज्याच्याकडे खासगी किल्ली आहे, त्यालाच वाचता येते. सर्व्हर चालविणाऱ्यालाही नाही.

पहारेकऱ्यापुढील अडचण

जोडणी उघडी असताना अँटिव्हायरसचे काम सोपे होते. तो मेल प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यामध्ये नाक्यावरील शिपायाप्रमाणे उभा राही. ११० किंवा १४३ या पोर्टवरून येणारे प्रत्येक पत्र तो वाचून पाही आणि संशयास्पद सहपत्र अडवी. जोडणी कूटबद्ध होताच त्याच्या हाती केवळ निरर्थक अक्षरांची माळ येऊ लागली. थैली डोळ्यांसमोरून जात असे, पण आत काय आहे ते कळत नसे. या अडचणीवर पाच प्रकारचे उपाय निघाले.

पहिला उपाय सर्वांत साधा होता. मेल प्रोग्रॅममध्ये कूटबद्ध जोडणी बंद ठेवावयाची आणि सर्व्हरशी कूटबद्ध बोलण्याचे काम अँटिव्हायरसने करावयाचे. संगणकाच्या आतील प्रवास उघडा आणि बाहेरील प्रवास बंद, अशी ही विभागणी. २०१० च्या सुमारास काही अँटिव्हायरस याच पद्धतीने चालत. तिच्यात एक मोठा दोष आहे. अँटिव्हायरस काही कारणाने बंद पडला किंवा काढून टाकला, आणि मेल प्रोग्रॅममधील मांडणी तशीच राहिली, तर पासवर्डसह सर्व पत्रव्यवहार उघड्या वाटेने जाण्याचा संभव असतो. सर्व्हर उघडी जोडणी नाकारीत असेल, तर टपालच बंद पडते. तेव्हा ही मांडणी जुन्या संगणकावर आढळल्यास ती बदलणेच इष्ट.

दुसरा उपाय मध्यस्थाचा. यात अँटिव्हायरस सर्व्हरशी एक कूटबद्ध जोडणी करतो आणि मेल प्रोग्रॅमशी दुसरी. थैली मध्येच उघडून, तपासून, पुन्हा मोहोर लावून तो ती पुढे देतो. मात्र ही नवी मोहोर सर्व्हरची नसून अँटिव्हायरसची असते. मेल प्रोग्रॅमने ती खरी मानावी यासाठी अँटिव्हायरस आपले स्वतःचे मूळ प्रमाणपत्र संगणकाच्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत दाखल करतो.

तिसऱ्या उपायात अँटिव्हायरस मेल प्रोग्रॅमच्या आतच एक पूरक भाग बसवितो. थैली मेल प्रोग्रॅमने स्वतः उघडल्यानंतर हा भाग पत्र पाहतो. त्यामुळे जोडणीला धक्का लागत नाही.

चौथा उपाय फाईलवरील पहाऱ्याचा. सहपत्र उघडले किंवा साठविले की ते डिस्कवर फाईल म्हणून लिहिले जाते. त्या क्षणी अँटिव्हायरस ते तपासतो. पत्र कोणत्या वाटेने आले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पाचवा उपाय सर्व्हरवरील तपासणीचा. थैली सर्व्हरच्या मुक्कामी उघडली जातेच. तेव्हा तेथे कोणतीही मोहोर न तोडता तपासणी करता येते. क्लॅमएव्हीसारखी मुक्त आज्ञावली अनेक मेल सर्व्हरांवर हेच काम करते. जीमेलसारख्या सेवा तर चालविता येण्याजोग्या फाईली संकुचित करून पाठविल्या तरी स्वीकारीत नाहीत.

प्रोग्रॅमनिहाय स्थिती

हे उपाय सर्व मेल प्रोग्रॅमना सारखे लागू पडत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा पूर्वापार चालत आलेला आउटलुक हा विंडोजच्या प्रमाणपत्र-यादीवर विसंबतो. अँटिव्हायरसने त्या यादीत आपले प्रमाणपत्र दाखल केले की मध्यस्थाची मोहोर आउटलुक निमूटपणे स्वीकारतो. त्याशिवाय पूरक भाग बसविण्याचीही त्यात सोय आहे. परंतु कार्यालयाचा आउटलुक एक्स्चेंज सर्व्हरला जोडलेला असेल, तर पत्रे पीओपी किंवा आयमॅपच्या वाटेने येतच नाहीत. तेथे केवळ या वाटांवर उभा असलेला पहारेकरी रिकामाच राहतो आणि पूरक भाग किंवा सर्व्हरवरील तपासणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. विंडोजसाठी अलीकडे आलेल्या नव्या आउटलुकमध्ये जुन्या धर्तीचे पूरक भाग चालत नाहीत. शिवाय अन्य सेवांची आयमॅप खातीही त्यात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्फत जोडली जातात. साहजिकच जुन्या आउटलुकसाठी घेतलेला बंदोबस्त नव्यालाही लागू आहे, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल.

मोझिला परिवारातील थंडरबर्ड आपली प्रमाणपत्र-यादी स्वतंत्र ठेवतो. त्यामुळे मध्यस्थाची मोहोर त्याला अनोळखी वाटते आणि पडद्यावर इशारा येतो. तेव्हा अँटिव्हायरसचे प्रमाणपत्र थंडरबर्डच्या यादीत स्वतंत्रपणे दाखल करावे लागते, किंवा विंडोजच्या यादीवर विश्वास ठेवण्याची मांडणी चालू करावी लागते. अँटिव्हायरसने पुढे आपले प्रमाणपत्र बदलले की तोच इशारा पुन्हा उभा राहतो. कालपर्यंत सुरळीत चालणारे टपाल एके दिवशी अचानक बंद पडल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच कारण असते.

थंडरबर्डबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. हा प्रोग्रॅम सामान्यतः एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच मोठ्या फाईलमध्ये साठवितो. त्यांपैकी एका पत्रात विषाणू सापडला म्हणून अँटिव्हायरसने ती फाईलच विलग केली किंवा पुसली, तर एका दूषित पत्रापायी संपूर्ण आवक टपाल नाहीसे होऊ शकते. एका सडक्या आंब्यासाठी सारी अढी फेकून देण्यासारखाच हा प्रकार होय. हे टाळण्यासाठी थंडरबर्डच्या मांडणीत प्रत्येक येणारे पत्र स्वतंत्रपणे विलग करू देण्याचा पर्याय दिलेला आहे. तो निवडल्यास पत्र प्रथम वेगळ्या तात्पुरत्या फाईलमध्ये उतरते आणि तपासणीनंतरच मोठ्या फाईलमध्ये जाते. पत्रांचा मूळ संग्रह फाईल-तपासणीतून वगळावा, असाही सल्ला दिला जातो. तसे केल्याने संरक्षण उणे होत नाही; कारण सहपत्र उघडताना किंवा अन्यत्र साठविताना ते पहारेकऱ्याच्या नजरेखालून जातेच. जुन्या आउटलुकचा संग्रहही एकाच फाईलमध्ये असतो. ॲपल मेल मात्र प्रत्येक पत्राची वेगळी फाईल ठेवतो, त्यामुळे हा धोका तेथे बराच कमी आहे.

ब्राउझरमधून टपाल पाहणाऱ्यांच्या बाबतीत मेल प्रोग्रॅमच मध्ये नसतो. तेथे सर्व्हरवरील तपासणी आणि सहपत्र उतरवून घेतानाची फाईल-तपासणी या दोहोंवर मुख्य भार असतो. मोबाइल संचाची स्थिती आणखी निराळी आहे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत प्रत्येक ॲप स्वतंत्र कप्प्यात बंदिस्त असते. एका ॲपला दुसऱ्याची पत्रे वाचता येत नाहीत. म्हणून मोबाइलवर अँटिव्हायरस बसविला तरी तो मेल ॲपमधील पत्रे तपासतो, असे समजू नये.

मध्यस्थावर विश्वास किती?

मध्यस्थाच्या पद्धतीत मोहोर तपासण्याचे काम मेल प्रोग्रॅमकडून काढून अँटिव्हायरसकडे दिलेले असते. त्याने ते चोख बजावले तर हरकत नाही. परंतु सर्व्हरचे खोटे किंवा मुदत संपलेले प्रमाणपत्र त्याने खपवून घेतले, तर वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कारण त्याच्यासमोर मध्यस्थाचीच नवीकोरी मोहोर येते. कॅनडातील काँकॉर्डिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये अशा प्रकारची अनेक उत्पादने तपासून त्यांच्यातील गंभीर उणिवा दाखवून दिल्या. २०१७ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठे आणि काही इंटरनेट कंपन्या यांच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासातही असे मध्यस्थ जोडणीची सुरक्षितता वाढविण्याऐवजी बहुधा कमी करतात, असाच निष्कर्ष निघाला. हे अभ्यास प्रामुख्याने संकेतस्थळांच्या जोडणीचे होते. परंतु ई-मेलसाठी वापरले जाणारे तंत्र तेच आहे.

मूळ प्रमाणपत्राची किल्ली चुकीच्या हाती पडल्यास काय होते, याचा धडा २०१५ मध्ये मिळाला. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपवर आधीच बसविलेल्या 'सुपरफिश' या जाहिरातींच्या आज्ञावलीने सर्व संगणकांवर एकच प्रमाणपत्र आणि एकच खासगी किल्ली ठेवलेली होती. ती किल्ली उघड होताच कोणालाही त्या संगणकांसमोर खोट्या संकेतस्थळाची खरी भासणारी मोहोर उभी करणे शक्य झाले. ही आज्ञावली अँटिव्हायरस नव्हती. तथापि थैली मध्येच उघडण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच आहे.

याहून मोठा धोका सवयीचा आहे. प्रमाणपत्राचा इशारा वारंवार दिसू लागला की टपाल पाहणारा कर्मचारी तो न वाचताच संमती देऊ लागतो. मग एखाद्या दिवशी खरोखरच कोणी वाटेत थैली उघडीत असेल, तरी त्या इशाऱ्यालाही तशीच संमती मिळते. पहारेकऱ्याच्या रोजच्या खोट्या हाकाटीमुळे खऱ्या चोराच्या वेळी कोणी जागे होत नाही, तशातला हा प्रकार आहे.

बंद लिफाफ्याची तपासणी

पीजीपी किंवा एस-माइमने बंद केलेले पत्र असेल, तर सर्व्हर आणि मध्यस्थ दोघेही निरुपाय होतात. थैली उघडली तरी आतला लिफाफा बंदच असतो. एस-माइमची सोय आउटलुक, थंडरबर्ड आणि ॲपल मेल या तिन्हींत आहे. थंडरबर्डमध्ये २०२० पासून पीजीपीचीही अंगभूत सोय झाली आहे. अशा पत्राची तपासणी ते वाचणाऱ्याच्या संगणकावर, लिफाफा उघडल्यानंतरच होऊ शकते. पासवर्ड लावलेल्या संकुचित फाईलचेही तसेच आहे. म्हणून गोपनीयतेची पद्धत जितकी भक्कम, तितकी अखेरच्या संगणकावरील फाईल-तपासणी महत्त्वाची, हे सूत्र लक्षात ठेवावे.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

या विवेचनावरून काही व्यवहार्य नियम निघतात. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, तपासणीच्या सोयीसाठी मेल प्रोग्रॅममधील कूटबद्ध जोडणी कधीही बंद करू नये. मेल-तपासणीत अडथळा आला तरी फाईल-तपासणीची दुसरी फळी शिल्लक असते. उघड्या वाटेवर गेलेला पासवर्ड मात्र परत आणता येत नाही. फाईल-तपासणी सदैव चालू ठेवावी आणि विषाणूंची माहिती रोज अद्ययावत होते की नाही, हे पाहावे.

आपल्या संगणकावर मध्यस्थ आहे किंवा कसे, हे ओळखणे कठीण नाही. मेल प्रोग्रॅम किंवा ब्राउझरमध्ये जोडणीचे प्रमाणपत्र उघडून ते कोणी दिले आहे, ते पाहावे. तेथे प्रमाणपत्र देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेऐवजी अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर थैली मध्ये उघडली जात आहे, असे समजावे. हे काम अँटिव्हायरसचेच आहे, याची खात्री तांत्रिक सहायकाकडून करून घेतल्याशिवाय कोणत्याही इशाऱ्याला संमती देऊ नये. जेथे सर्व्हरवरील तपासणी आणि फाईल-तपासणी दोन्ही विश्वासार्ह आहेत, तेथे मध्यस्थ बंद ठेवणे पुष्कळदा अधिक श्रेयस्कर ठरते.

पहारेकरी जागा आहे की नाही, हे पाहण्यासाठी 'आयकार' या संस्थेची ६८ अक्षरांची चाचणी-फाईल उपलब्ध आहे. ती पूर्णतः निरुपद्रवी असून तिला विषाणू समजावे, असा अँटिव्हायरस निर्मात्यांमध्ये संकेत आहे. ती ई-मेलने पाठविली असता सर्व्हरनेच नाकारली, तर सर्व्हरवरील तपासणी चालू आहे, हे सिद्ध होते. संगणकावर साठविताच इशारा आला, तर फाईलवरील पहारा जागा आहे, असे समजावे.

अँटिव्हायरस विकत घेताना तो कोणत्या मेल प्रोग्रॅमला, कोणत्या पद्धतीने संरक्षण देतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पुण्यात उभी राहिलेली क्विक हील असो वा परदेशी कंपनी, हा प्रश्न सर्वांनाच विचारण्याजोगा आहे. शासकीय पत्रव्यवहारासाठी खासगी सेवा न वापरता शासनाच्या ई-मेल सेवेचाच वापर करावा, असे केंद्र शासनाच्या २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या ई-मेल धोरणात सांगितले होते. त्या सेवेचा लाभ घेणाऱ्या राज्य कार्यालयांनाही ते धोरण लागू होते.

विषाणूचा शिरकाव झालाच, तर संगणक तत्काळ जाळ्यापासून तोडावा आणि वरिष्ठांना कळवावे. देशातील सायबर घटनांची दखल घेणारी सर्ट-इन ही केंद्रीय यंत्रणा २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार शासकीय संघटनांनी अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. बाधित संगणक स्वच्छ करण्याची साधने २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जाणूनबुजून विषाणू पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

अखेरचा पहारेकरी

यंत्राचा पहारा कितीही कडक असला, तरी बंद लिफाफा शेवटी माणसाच्याच हाताने उघडला जातो. अपेक्षित नसलेले सहपत्र, ओळखीच्या नावाखाली आलेला अनोळखी पत्ता, मजकुरातच दिलेला पासवर्ड, तातडीचा धाक दाखविणारी भाषा, या खुणा दिसताच पाठविणाऱ्याला दूरध्वनी करून खात्री करून घेण्यास दोन मिनिटे पुरतात. आवक टपालाची नोंद घेताना पाकिटावरील शिक्का पाहण्याची जी सवय कार्यालयांनी वर्षानुवर्षे जपली, तीच पडद्यावरील टपालाच्या बाबतीतही अंगी बाणली पाहिजे. तलाठी कार्यालयातील दाखले, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती, ग्रामपंचायतीच्या करवसुलीच्या नोंदी ही सामान्य नागरिकांनी शासनाकडे विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. तिच्या रक्षणाचे काम टपाल उघडणाऱ्याच्या हातून सुरू होते.